मागून आणलेल्या सामानाचं घर

माझा नातू अकोल्यातला फ्लॅट विकायला निघाला आहे. दलालानं त्याला सांगितलं, रिकाम्या खोल्या दाखवू नका. सोफा, पलंग, पडदे भाड्यानं आणून मांडा, मग गिऱ्हाईक लवकर ठरतं. नातवानं मला फोनवर विचारलं, "आजी, एवढा खटाटोप करावा काय?" विचारलं ते गमतीनं. चौथी शिकलेल्या म्हातारीला फ्लॅटमधलं काय कळणार, असंच त्याला वाटलं असेल. पण हे काम मी त्याच्या जन्माच्या आधी करून बसले आहे, तेही भाडं न देता. सांगायला सुरुवात केली तर त्याला दुसरा फोन आला. म्हणून लिहून ठेवते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं घर जऊळक्याला, स्टेशनाकडून गावात येताना बौद्धवस्तीच्या पहिल्या ओळीत होतं. मातीच्या भिंती, वर टिनं. पुढं ओसरी, मधे एक खोली, मागं चुलीची खोली. नवरा वाशिमला एका कचेरीत चपराशी होता आणि रोज गाडीनं जाऊन-येऊन करायचा. लेकरं तीन. मोठी पोरगी, तिच्या पाठची दोन लहान.

मोठीनं त्या साली सातवी पास केली. पुढं शिकवायचं तर वाशिमला. वाशिमला आम्ही दोन खोल्यांचं एक घर पाहून ठेवलं होतं, पण जऊळक्याचं घर विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. त्या खोल्यांचा मालक शाळा उघडेपर्यंत थांबायला तयार होता, त्याच्या पुढं नाही.

इकडं पोरीला एक स्थळ आलं होतं, नवऱ्याच्या बहिणीकडून. नवरा वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. पण एकदा बोलला की स्वतःच्याच बोलण्यात अडकायचा. आपल्या मोठ्या भावासमोर तो बोलून बसला, "घर गेलं तं पोट्टी शाळेत. नाई गेलं तं सोयरिक करून टाकतो. भाड्याच्या एका खोलीत वयात आलेली पोरगी घेऊन मी राहणार नाई." भावासमोर बोललेलं तो मागं घेणार नाही, हे मला माहीत होतं.

माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं. त्यात मी मेले नाही. पण पाचवीच्या पुस्तकात काय असतं ते मला कळलं नाही ते नाहीच. पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आता आमची चूक सांगते. घर रिकामं असलं तर घेणाऱ्याला त्याच दिवशी ताबा देता येईल, असा हिशेब नवऱ्यानं काढला. उन्हाळा लागताच त्यानं दोन बैलबंड्या केल्या, सगळं सामान वाशिमला भाड्यानं घेतलेल्या एका खोलीत नेऊन टाकलं, आम्हीही तिथंच राहायला गेलो आणि घराला कुलूप लावलं. कोणी पाहायला येणार असलं की मी गाडीनं जऊळक्याला जायची, कुलूप काढायची, दाखवायची, परत यायची.

पहिला माणूस आला. मधल्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "एवढंसंच हाय काय?" त्या खोलीत आम्ही पाच जण झोपायचो, पाहुणा आला तर तोही मावायचा. पण त्या दिवशी मलासुद्धा ती लहान दिसली. सामान काढल्यावर खोली मोठी दिसायला पाहिजे की नाही? नाही दिसत. त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्यानं बायको आणली होती. ती ओसरीच चढली नाही. अंगणातूनच मला म्हणाली, "काय वं बाई, कोनी मेलं काय इथं? घर सोडून काहून गेल्या तुमी?" मी म्हटलं, नवऱ्याची नोकरी वाशिमला आहे. ती नवऱ्याकडं वळून बोलली, "चला. जित्या माणसाचं घर असं दिसत नाई."

तिसरा आत आला, भिंती ठोकून पाहिल्या, टिनं पाहिली. मला वाटलं जमलं. मग तो चुलीच्या खोलीत गेला. तिथं मागच्या दाराखालून शिरून एका कुत्रीनं चुलीच्या राखेत पिल्लं घातली होती. कुत्री गुरगुरली. त्या माणसानं पिल्लं मोजली. पाच होती. आणि पायात चप्पल घालून तो निघून गेला.

मी पिल्लं टोपलीत घालून मागच्या बाभळीखाली ठेवली, हात धुतले आणि ओसरीवर बसले. शाळा उघडायला जेमतेम तीन आठवडे होते.

तेव्हा शेजारची बाई आली. तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे. तिची आणि आमची भिंत एकाला एक लागून होती. माझ्याहून ती दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायची, पण त्या म्हणण्यात काही माया नव्हती. तिच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीच्या बुडातून वाहायचं आणि मधल्या खोलीत गुडघ्याएवढी ओल यायची. दरवर्षी मी भिंत लिंपायची, पांढऱ्या मातीनं पोतारायची आणि दरवर्षी ओल परत यायची. अकरा वर्षं आम्ही त्या मोरीवरून भांडलो. मी म्हणायची, मोरी वळव. ती म्हणायची, "पाण्याले काय दावं बांधू मी?" मोरी वळवायची तर तिच्या अंगणातून न्यावी लागली असती आणि तिथं तिचं लिंबूचं झाड होतं.

तर ती आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाकललं वाटते त्यालेबी."

मी म्हटलं, "मी नाई. कुत्रीनं हाकललं."

"कुत्रीले कायले नावं ठेवतं? रिकामं दिसलं, राह्यली येऊन." ती माझ्या बाजूला बसली. "मले एक सांग. पोट्टी दाखवाची असली तं आपण तिले अशी फाटक्या परकरात बसवतो काय? शेजारणीचं लुगडं नेसवतो, जावेची पोत घालतो, कोनाच्या घरून खुर्च्या आणतो. मंग पाह्यनारा पाह्यते. तुहं घर तं तू उघडंच बसवून राह्यली. त्याले नेसव ना बाप्पा काहीतरी."

"सामान वाशिमले गेलं."

"तुहं सामान कोनी इचारलं? त्यात पाह्यासारखं होतं तरी काय?"

हे तिनं अगदी खरं सांगितलं. आमच्याकडं एक बाज, दोन पेट्या आणि जर्मनची भांडी होती.

पुढच्या रविवारी रिठदहून एक माणूस घर पाहायला येणार होता. त्याला स्टेशनाजवळ पिठाची चक्की टाकायची होती. आपल्यातलाच होता. शनिवारी मी पोरीला बरोबर घेऊन जऊळक्याला गेले. आम्ही सारवलं, पोतारलं, दाराखालचं भोक दगड घालून बुजवलं. मग मावशी निघाली आणि तिच्या मागं मी. वस्तीत ती पुढं आणि मी मागं, असं त्याआधी कधी कोणी पाहिलं नव्हतं. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

शिंप्याच्या दुकानातून लोखंडी घडीच्या दोन खुर्च्या मिळाल्या. एका घरून नवा पलंग आला. त्याच्यावर टाकायला फुलांची चादर आली. एकानं रेडिओ दिला. म्हणाला, वाजत नाही, पण दिसतो चांगला. वस्तीच्या पंचांची भांडी एका म्हाताऱ्याच्या ताब्यात असायची. लग्नाकार्याला ती घेऊन जायची, घासून परत आणून द्यायची. त्यानं विचारलं, "लग्न कोनाचं हाय?"

"घराचं," मावशी बोलली. "कहाड लवकर. तो मोठा ट्रे बी दे."

म्हाताऱ्याला काही समजलं नाही, पण भांडी दिली. पितळेचे पेले, लोटा, स्टीलच्या ताटल्या एकेका घरातून दोन-दोन करत जमल्या. नाही असं कोणीच म्हटलं नाही. आणि मी त्या वस्तीतली काही लाडकी नव्हते. माझं तोंड फटकळ होतं, अजून आहे. तरी दिलं.

शेवटी कपाट. मावशीच्या घरात सुनेबरोबर आलेलं आरशाचं लोखंडी कपाट होतं. वस्तीतलं पहिलं. चार माणसांनी ते उचलून आणलं. आतले कपडे मावशीनं काढले नाहीत, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. कपाट कुठं ठेवायचं हे कोणी विचारलं नाही. मावशी सरळ ओल्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि माणसांना म्हणाली, "इथं." मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. नवं पोतारलेलं असलं तरी खाली ओलीचा काळपट पट्टा दिसत होता. कपाटानं तो सगळा झाकला.

रविवारी सकाळी घर असं दिसत होतं, की हे सगळं सामान आपलंच आहे असं मलाही क्षणभर वाटलं. खोली मोठी दिसत होती. आरशात ओसरीतला उजेड पडत होता. नवरा सकाळच्या गाडीनं आला आणि दारातच थबकला. म्हणाला, "हे आधी कायले नाई केलं? मंग विकाचं कामच नव्हतं." तो असं बोलायचा क्वचित. मी हसले असेन.

पाहुणे दोघे आले, चक्कीवाला आणि त्याची आई. आई वाकलेली, हातात काठी, पण डोळे असे, की कणगीच्या तळातला खडा वरून दिसावा. मावशी आपल्या कपाटाची राखण करायला मागच्या दारात येऊन उभी राहिली. दिवसभर तिनं कपाटावरची नजर काढली नाही.

चक्कीवाला खुर्चीवर बसला, म्हातारी पलंगावर. बसले, हे महत्त्वाचं. आधीच्या तिघांना बसायला काही नव्हतं. ते उभे आले आणि उभे गेले.

चक्कीवाल्यानं रेडिओचं बटण फिरवून पाहिलं. नवरा म्हणाला, "आज स्टेशन लागून नाई राह्यलं." चक्कीवाल्यानं रेडिओ हातात घेऊन हलवला. "दादा, याच्यात सेलच नाई," तो म्हणाला आणि ठेवून दिला. मावशी मागून खोकली.

मग पोरगी पोहे आणि चहा घेऊन आली. इथं आमची दुसरी चूक. पोरीला मी चांगले कपडे घाल म्हटलं होतं. मावशीनं तिला सकाळी आपल्या घरी नेऊन सुनेचं गुलाबी लुगडं नेसवलं होतं, वेण्या घालून रिबिनी लावल्या होत्या, डोक्यावर पदर दिला होता. मावशीला घर सजवायची दुसरी रीत माहीत नव्हती आणि मलाही नव्हती. घरात पाहुणे, खुर्च्या, चादर, पोह्यांच्या ताटल्या आणि खाली मान घालून ट्रे घेऊन येणारी पोरगी. असं आम्ही आयुष्यात एकाच कामासाठी केलेलं होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही. म्हातारीला दिसलं.

"बस बाई," ती म्हणाली. "अशी माह्यासमोर बस."

पोरगी बसली.

"कितवी झाली?"

"सातवी पास."

"चूल येते?"

"येते."

म्हातारीनं पोराकडं पाहिलं. "नातवाले शोभते नाई? तो बी यंदा दहावीत जाईन. घर घेऊ, अन् घरातली लक्षुमी बी इथंच राहीन. जायाचं-यायाचं कामच नाई."

नवरा खुर्चीत सरळ बसला. मी त्याला चांगली ओळखत होते. एका बैठकीत घरही जातं आणि पोरगीही, असं त्याच्या डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं. बहिणीकडच्या स्थळापेक्षा हे चांगलं होतं, हेही खरं. ज्या घरामुळं पोरीची शाळा वाचणार होती, तेच घर तिला घेऊन बुडत होतं आणि मीच ते सजवून ठेवलं होतं.

म्हातारीनं पाण्याचा पितळी पेला उचलला. "सातवी झाली म्हंते तं वाच बरं, यावर काय लिहेल हाय. मले येत नाई वाचता, पण आयकता येते."

आता आपल्याकडं भांड्यांवर नावं घालायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. लग्नात दिलेलं भांडं असो की विकत घेतलेलं, त्याच्यावर टिपक्याटिपक्यांनी नाव ठोकून घ्यायचं. कार्यात गावभर फिरून आलेलं भांडं त्या नावावरून आपल्या घरी परत येतं. आम्ही ओल झाकली, भोक बुजवलं, रेडिओही मांडला. नावं झाकायचं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. भांड्यांवरचं नाव पाहुणा वाचतो कशाला?

पोरीनं पेला घेतला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं, खणखणीत वाचलं. मावशीच्या सासूचं नाव, मधे तिच्या नवऱ्याचं, शेवटी आडनाव.

"ही कोन?" म्हातारीनं विचारलं.

"शेजारची आजी. मेली ती."

"अस्सं. अन् ही ताटली?"

पोरीनं ताटली उलटी करून वाचली. पलंग दिला त्या घरातलं नाव. दुसरी ताटली. शिंप्याच्या सुनेचं नाव, माहेरकडून आलेली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, पण ती वर पाहतच नव्हती. लोटा वाचला. मग तिनं ट्रे उचलला आणि कोणी न विचारता वाचला, "पंचमंडळ, बौद्धवस्ती, जऊळका."

मागच्या दारात मावशी हळूच म्हणाली, "झालं."

म्हातारीनं काठी दोन्ही हातांत धरली. "म्हंजे या घरात तुमचं हाय काय?"

नवरा रेडिओकडं पाहत बसला. मला राग आला. कोणाचा ते आजही सांगता येणार नाही, माझाच असेल. मी म्हटलं, "चार भिंती हायेत, वरची टिनं हायेत अन् ही पोरगी हाय. यातली पोरगी द्याची नाई. तिले आठवीत घालाचं हाय. तिच्यासाठीच घर विकून राह्यलो."

"अवं—" नवरा म्हणाला.

"थांबा," मी त्याला म्हटलं. एकदा तोंड सुटलंच होतं, तर उरलेलंही सांगून टाकलं. "अन् त्या कपाटामागं ओल हाय. दरसाली येते. कपाट बी आमचं नाई."

मोठेपणानं सांगितलं नाही. सगळं हातातून गेलंच आहे, तर आता खोटं कशाला वागवत बसा, असं झालं होतं.

म्हातारी उठली. काठीनं कपाटावर ठकठक केलं. "सरकवा हे." चक्कीवाल्यानं आणि नवऱ्यानं कपाट सरकवलं. मावशी ओरडली, "अवो, हळू! आरसा हाय त्याले!" म्हातारीनं वाकून ओल्या भिंतीत बोट खुपसलं, माती चोळली, वास घेतला.

"ही पावसाची ओल नाई. मोरीची हाय. कोनाची मोरी?"

मी काही बोलले नाही. शपथेवर सांगते, बोलले नाही. अकरा वर्षं मी तेच बोलत आले होते आणि त्या वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ज्या बाईचं कपाट मी मांडून बसले होते तिच्याकडं बोट कसं दाखवू?

"माही हाय," मावशी दारातून म्हणाली.

"वळवता येते?"

मावशीनं अंगणाकडं पाहिलं. लिंबूकडं. "येते. आठ दिवसांत वळवून देतो."

म्हातारी परत पलंगावर बसली आणि गार झालेला चहा प्यायली. मग म्हणाली, "मी तं भेलीच होती बाप्पा. इतकं भरेल घर, कपाट काय, रेडू काय, अन् मानसं सोडून कायले चालले? म्हटलं, याच्यात काही तरी खोट असंन. आता समजलं. खोट भिंतीत हाय, मानसात नाई." नंतर तिनं पोराला विचारलं, "तुले जागा पसंत हाय काय? मले घर नाई पाह्याचं, शेजार पाह्याचा होता. तो पाहून झाला." आणि पोरीला म्हणाली, "जा वं, शिक. नातवाले दुसरी पाहू. तुह्यासारखी पोट्टी आमच्या घरात आली तं सगळ्या गावाचे भांडे वाचून दाखवंन."

त्याच बैठकीत चक्कीवाल्यानं इसार नवऱ्याच्या हातावर ठेवला. ओलीपायी भाव थोडा उतरला. तरी वाशिमच्या दोन खोल्या त्यात बसल्या. नवरा परत जाताना गाडीत बसल्यावर म्हणाला, "मले वाटलं होतं गेलं सगळं." मी म्हटलं, मलाही.

त्याआधी संध्याकाळपर्यंत आम्ही भांडी परत केली. पोरीनं ओसरीवर बसून एकेक भांडं उचललं, नाव वाचलं आणि त्या घरचा ढीग लावला. एकही भांडं चुकलं नाही. वस्तीतल्या बाया ते पाहायला जमल्या आणि तिला मुद्दाम जुनी, झिजलेल्या नावाची भांडी आणून दाखवायला लागल्या. तीही तिनं वाचली. पंचांच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "झालं काय घराचं लग्न?" मावशी म्हणाली, "झालं. पोट्टीचं तेवढं वाचलं."

शाळा उघडली त्या आठवड्यात मी पोरीला वाशिमच्या हायस्कुलात नेलं. पुढं तिनं मॅट्रिक केली, डी.एड. केलं, शाळेवर लागली. आता तीही रिटायर झाली आहे. तिचाच मुलगा हा फ्लॅट विकणारा.

पुष्कळ वर्षांनी एकदा मी तिला म्हटलं होतं, तू त्या दिवशी कसं खुळ्यासारखं सगळं वाचत सुटलीस. ती म्हणाली, "आई, मला कळलं होतं. ती म्हातारी मला पाहत होती. म्हटलं, सामान खोटं निघालं की उठून जातील." मी विचारलं, आणि घर गेलं नसतं तर? आत्याकडचं स्थळ होतंच की. ती म्हणाली, "तेवढं पुढचं नव्हतं सुचलं." तेरा वर्षांची होती. मी म्हटलं, बरं झालं नाही सुचलं. ट्रेसुद्धा कोणी न विचारता का वाचला होता, ते मला त्या दिवशी समजलं.

तर नातवाला माझं उत्तर असं आहे. सामान मांडावं. त्यानं भाव वाढला असं मी पाहिलं नाही, उलट आमच्या सामानानं म्हातारीला शंकाच आली. पण बसायला जागा असली की माणूस बसतो, बसला की बोलतो आणि बोलल्याशिवाय घराचं काही ठरत नाही. दोन खुर्च्या आणि एक पलंग पुरे. ओलीसमोर कपाट ठेवू नये. ठेवलंच तर आपणच सरकवून दाखवावं. भाड्यानं आणलेल्या सोफ्यावर कोणाचं नाव नसतं, तेव्हा ती एक भीती त्याला नाही.

पण त्याला भाड्यानं आणावं लागतं आहे, याचं मला वाईट वाटतं. मला कोणाला पैसा द्यावा लागला नाही. एका दिवसात वस्तीनं माझं घर भरून दिलं. मी त्यांना सोडून जायला निघाले होते, हे माहीत असून दिलं. आभार मी कोणाचे मानले नाहीत. तेव्हा तशी रीत नव्हती आणि मला ते जमतही नाही.

एकदाच प्रयत्न केला. घर विकल्यावर सात-आठ वर्षांनी एका लग्नाला जऊळक्याला गेले होते. आमच्या घरात चक्की चालू होती. पिठानं टिनंसुद्धा पांढरी झाली होती. मी आत जाऊन मधली खोली पाहिली. भिंत खालपर्यंत कोरडी. मागं गेले तर मावशीची मोरी तिच्याच अंगणातून लांबच्या नालीपर्यंत वळवलेली होती, फरशी टाकून, पक्की. लिंबूचं झाड नव्हतं. साबणाच्या पाण्यानं दोन वर्षांत वाळलं म्हणे.

मावशी थकली होती. बाजेवर बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "मावशी, तुमी तवा मोरी वळवून देली. तुमचं झाड गेलं. आमचं मात्र काम झालं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही तरी मागायला आले आहे.

"मावशी, एक इचारू? अकरा वर्षं म्हंत होती मी. तवा काहून नाई वळवली?"

"तवा कायले वळवू?" ती म्हणाली. "तवा तू होती ना भांडाले."

मग तिनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि मला म्हणाली, "साखर कमी घेते का जास्त, सांग लवकर. वाशिमवाली झाली तू आता." मी म्हटलं, जास्त.